झाडीतील कचरा, झाडीतील माणसे

सार्वजनिक वनात पडलेल्या कचऱ्यात एक प्रतवारी असते आणि ती कचऱ्याच्या घातकतेवरून ठरत नाही. बिअरचा डबा, वेफर्सचे पाकीट किंवा सिगारेटचे थोटूक दिसले तर फिरायला आलेला माणूस नाक मुरडतो आणि पुढे जातो. मात्र झुडपाच्या बुंध्याशी वापरलेला निरोध, त्याचे चकचकीत वेष्टन आणि चुरगळलेले ओले रुमाल दिसले, की तोच माणूस ते कोणी टाकले, कशासाठी टाकले आणि असल्या लोकांना येथे येऊ तरी का दिले जाते, असे प्रश्न विचारू लागतो. आयर्लंडमधील ज्या मोजक्या उद्यानांत आणि वनांत समलिंगी पुरुषांच्या गाठीभेटी पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या आहेत, तेथील स्वच्छतेचा प्रश्न या दुसऱ्या प्रकारच्या कचऱ्यापाशी येऊन अडतो. तो उचलायला स्वयंसेवक पुढे येतात तेव्हा ते नेमके काय साफ करतात, हे समजण्यासाठी त्या देशाच्या कायद्याकडे पाहावे लागते, कारण झाडी आणि निरोध या दोहोंचा इतिहास तेथे एकाच कायद्याच्या लागोपाठच्या दोन कलमांत सुरू होतो.

या गाठीभेटींना जगभर ‘क्रूझिंग’ म्हणतात. उद्यानाचा आडवळणी कोपरा, वनाच्या तोंडाशी असलेला वाहनतळ, समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्या अशा ठरून गेलेल्या ठिकाणी पुरुषांनी अनोळखी जोडीदाराच्या शोधात फिरायचे, नजर, थबकणे आणि मागे वळून पाहणे एवढ्या खुणांवर होकार-नकार समजून घ्यायचा आणि बहुधा नावही न सांगता परतायचे, असा हा व्यवहार आहे. त्यात पैशाची देवघेव नसते, त्यामुळे वेश्याव्यवसायाशी त्याची गल्लत करू नये. येणाऱ्यांत स्वतःला उघडपणे समलिंगी म्हणवणारे असतात, उभयलैंगिक असतात, आणि घरी बायकामुले असलेले, स्वतःला कोणतेच नाव न देणारेही असतात. हा शेवटचा गट पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

आयर्लंडमध्ये पुरुषांमधील शरीरसंबंधांना गुन्हा ठरवणारे कायदे ब्रिटिश अमदानीतील होते. १८६१ च्या कायद्यातील दोन कलमे आणि १८८५ च्या सुधारणेतील ‘घोर असभ्य वर्तना’चे कलम ही त्यांची चौकट होती; भारतीय दंडसंहितेतील कलम ३७७ हे त्याच काळाचे आणि त्याच नीतिकल्पनेचे अपत्य होते, हे मराठी वाचकाच्या लगेच लक्षात येईल. १९२२ मध्ये स्वतंत्र झाल्यावर आयर्लंडने ही कलमे तशीच ठेवली आणि १९३५ च्या फौजदारी दुरुस्ती कायद्याने त्यांत स्वतःची भर घातली. या कायद्याच्या सतराव्या कलमाने संततिनियमनाच्या साधनांची विक्री व आयात बंद केली आणि लगेच पुढच्या, अठराव्या कलमाने लोकांच्या नजरेस पडेल अशा जागी सभ्यतेला धक्का देणारी कृती करणे हा गुन्हा ठरवला. झुडपामागची कृती आणि त्या कृतीत वापरायचे साधन यांवर एका दमात घातलेली ही बंदी, साधनाच्या बाबतीत सुमारे अर्धशतक आणि कृतीच्या बाबतीत त्याहून अधिक काळ टिकली.

निरोधाची पुढील वाटचाल सावकाशीची आणि काहीशी विनोदी आहे. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विवाहित जोडप्यांना स्वतःच्या वापरासाठी ही साधने आयात करण्याचा हक्क मान्य केला. १९७९ च्या कायद्याने निरोध डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणि खऱ्याखुऱ्या कुटुंबनियोजनासाठीच मिळू लागला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पोप जॉन पॉल दुसरे यांनी डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये दहा लाखांहून अधिक भाविकांसमोर प्रार्थनाविधी केला, हा योगायोग असला तरी तत्कालीन सरकारच्या मनावरचे दडपण त्यावरून समजते. १९८५ मध्ये प्रौढांसाठी चिठ्ठीची अट गेली, पण विक्री ठरावीक ठिकाणीच होऊ शकत होती. डब्लिनच्या एका मोठ्या संगीतदुकानात निरोध विकल्याबद्दल आयरिश कुटुंबनियोजन संघटनेला दंड झाला, १९९१ मध्ये अपिलात तो वाढून पाचशे पौंड झाला आणि तो ‘यू टू’ या वाद्यवृंदाने भरला. भारत सरकारने १९६८ मध्येच ‘निरोध’ हे नाव देऊन ही वस्तू पाच पैशांना एक या दराने वाण्याच्या दुकानापर्यंत पोहोचवली होती, हे आठवले की कोणता समाज कोणत्या बाबतीत पुढारलेला मानायचा याचे आपले ठोकताळे जरा डळमळतात.

या काळात एड्सची साथ आली. ज्यांचे संबंधच गुन्हा होते त्यांना सुरक्षित संबंधांची माहिती राज्याने कशी द्यावी, हा पेच सरकारला सुटला नाही आणि १९८५ मध्ये समलिंगी कार्यकर्त्यांनी स्थापन केलेल्या ‘गे हेल्थ अ‍ॅक्शन’ या गटाने आयर्लंडमधील पहिले एड्सविषयक माहितीपत्रक काढले. १९९२ मध्ये पूर्व विभागाच्या आरोग्य मंडळाने समलिंगी पुरुषांसाठी आरोग्य प्रकल्प सुरू केला. दवाखान्यात न येणाऱ्यांपर्यंत त्यांच्या भेटीच्या जागी जाऊन पोहोचणे हा अशा कामाचा सर्वत्र गाभा राहिला आहे. झाडीत निरोध पोहोचणे हे, या दृष्टीने पाहिले तर, सार्वजनिक आरोग्याचे यश होते. ज्या वस्तूसाठी कार्यकर्त्यांनी खटले आणि दंड सोसले, ती वस्तू जमिनीवर पडलेली दिसू लागली तेव्हा तिचे रूपांतर तक्रारीत झाले. वापरलाच नसता तर कचराही झाला नसता, हे तर्कशास्त्र कोणी उघड मांडत नाही. पण निरोधाचा ढीग पाहून ‘घाण’ म्हणणाऱ्याला तो ढीग म्हणजे टळलेले संसर्ग आहेत, हे कोणीतरी सांगायला हवे असते.

१९९३ हे वर्ष निर्णायक ठरले. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील अध्यापक डेव्हिड नॉरिस यांनी जुन्या कलमांविरुद्ध दिलेला लढा सर्वोच्च न्यायालयात १९८३ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी हरला होता. १९८८ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने आठ विरुद्ध सहा मतांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला आणि त्यानंतरही पाच वर्षे वाट पाहून न्यायमंत्री मॉयरा गेगन-क्विन यांनी विधेयक आणले. नॉरिस यांची न्यायालयात बाजू मांडणाऱ्या मेरी रॉबिन्सन तोवर राष्ट्राध्यक्ष झाल्या होत्या आणि त्यांनीच त्या कायद्यावर सही केली. त्याच उन्हाळ्यात आणखी एका कायद्याने निरोधविक्रीवरील उरलेली बंधनेही काढली. खासगीतले संबंध कायदेशीर झाले. सार्वजनिक जागेतील लैंगिक कृती मात्र गुन्हाच राहिली आणि २०१७ च्या लैंगिक गुन्हे कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमाखाली ती आजही गुन्हा आहे. २०१५ च्या सार्वमतात ६२ टक्के मतदारांनी समलिंगी विवाहाला कौल दिला, तरी झाडीचे कायदेशीर स्थान त्यामुळे तसूभरही बदलले नाही.

येथवरची हकिकत कायद्याची झाली. ‘स्वच्छता’ या कल्पनेचा काळा अध्याय मात्र डब्लिनच्या फेअरव्ह्यू पार्कमध्ये आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी भरती-ओहोटीच्या दलदलीत शहराचा कचरा टाकून जी भरणी केली गेली, तिच्यावर हे उद्यान उभे आहे. म्हणजे ज्या जमिनीवरील पावित्र्याची चिंता पुढे वाहिली गेली, ती जमीनच मुळात कचऱ्याची. पुरुषांच्या भेटीची जागा म्हणून ते ओळखले जाई. सप्टेंबर १९८२ मध्ये डेक्लन फ्लिन या ३१ वर्षांच्या तरुणाला येथे मुलांच्या एका टोळक्याने मारहाण केली आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. समलिंगी पुरुषांना या उद्यानातून घालवून देण्यासाठी आम्ही एकत्र आलो होतो आणि त्याआधीही कित्येकांना मारले होते, असे पोलिसांसमोरील जबाबात सांगितले गेले. मार्च १९८३ मध्ये न्यायालयाने टोळक्यातील पाचही जणांना सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरून शिक्षा स्थगित ठेवली. ते मोकळे बाहेर आले. १९ मार्चला शेकडो लोक, त्यांत स्त्रीसंघटना आणि कामगारसंघटनांचे लोकही, लिबर्टी हॉलपासून फेअरव्ह्यूपर्यंत चालत गेले. आयरिश समलिंगी चळवळीचा उघड रस्त्यावरचा इतिहास अनेक अभ्यासक या मोर्चापासून मोजतात.

टोळक्याच्या मनातही एक साफसफाईच होती. जागा स्वच्छ करायची म्हणजे माणसे हटवायची, असा तिचा अर्थ. स्वयंसेवकांच्या कचरावेचणीचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते: ती माणूस आणि वस्तू यांना वेगळे करते. वस्तू पिशवीत जाते, माणूस तेथेच राहू शकतो, आणि ‘हे लोक घाण करतात’ या वाक्यातील ‘घाण’ काढून घेतल्यावर तक्रारदाराला आपली खरी हरकत कशाला आहे ते स्वतःशी तरी ठरवावे लागते.

आयर्लंडात अशा कामाला अनुकूल अशी नागरी परंपरा आहे. १९५८ मध्ये ५२ गावांनिशी सुरू झालेली ‘टायडी टाउन्स’ स्पर्धा, जिचे पहिले पारितोषिक डोनेगल परगण्यातील ग्लेन्टीज गावाला मिळाले, तिने रस्ता झाडणे ही प्रतिष्ठेची गोष्ट केली. ‘अन टाश्का’ ही वारसासंवर्धन संस्था १९९९ पासून दर एप्रिलात राष्ट्रीय वसंत स्वच्छता मोहीम चालवते आणि नोंदणी करणाऱ्या गटांना पिशव्या, हातमोजे असे साहित्य पुरवते. १९९७ च्या कचरा प्रदूषण कायद्याने कचरा टाकणाऱ्याला जागच्या जागी दंड, जो आता दीडशे युरो आहे, आकारता येतो आणि लोकांच्या नजरेस पडणारी जागा स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी त्या जागेच्या धारकावर येते. वनांच्या बाबतीत हा धारक पुष्कळदा ‘क्वील्चा’ ही सरकारी वनकंपनी असते, जिच्या ताब्यात देशाच्या भूमीपैकी सुमारे सात टक्के भूमी आहे आणि जिची वने पायी फिरणाऱ्यांना खुली असतात. ७०७ हेक्टरांच्या फिनिक्स पार्कची देखभाल सार्वजनिक बांधकाम कार्यालयाकडे आहे.

फिनिक्स पार्कचा उल्लेख येथे टाळता येत नाही. १६६२ मध्ये राजाच्या शिकारीसाठी हरणांचे कुरण म्हणून ते आखले गेले आणि पिवळसर, ठिपकेदार फॅलो हरणांचा कळप आजही तेथे चरतो. राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान, पोलीस मुख्यालय आणि प्राणिसंग्रहालय जेथे आहे, त्याच कुंपणाच्या आत समलिंगी पुरुषांच्या भेटीचीही जागा आहे, हे डब्लिनमध्ये गुपित नव्हते. १९९४ मध्ये पर्यावरण खात्याच्या एका राज्यमंत्र्यांना पोलिसांनी त्या भागात हटकल्याचे वृत्तपत्रांत आले, गुन्हा काहीच नोंदला गेला नाही, मंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि ते पदावर राहिले. हरणांच्या दृष्टीने मात्र कोणाचा कचरा कोणत्या हेतूने पडला याला अर्थ नसतो. प्लास्टिकची पिशवी, ओला रुमाल किंवा निरोध पोटात गेला तर सारखाच अपाय होऊ शकतो. निरोधाचे रबर नैसर्गिक असले तरी त्यावरील प्रक्रियेमुळे ते सावकाश कुजते. वेष्टन प्लास्टिक आणि धातूच्या पातळ थरांचे असल्याने कुजतच नाही. आणि ‘रुमाल’ म्हणून विकला जाणारा ओला कपडा पुष्कळदा पॉलिएस्टरमिश्रित असतो. संख्येने पाहता राष्ट्रीय कचरा सर्वेक्षणांत सिगारेटची थोटके वर्षानुवर्षे पहिल्या क्रमांकावर राहिली आहेत. धूम्रपान करणाऱ्यांना उद्यानातून हाकला, अशी मागणी त्यावरून कोणी केलेली नाही.

प्रत्यक्ष वेचणीत एक अवघड विसंगती आहे, आणि या विषयाचे खरे मर्म कदाचित तिच्यातच सापडते. कचरा वेचायला उजेड लागतो, लांब दांड्याचा चिमटा लागतो, सुया सापडल्या तर त्यांसाठी कडक डबा लागतो आणि सुरक्षेसाठी लांबून उठून दिसणारे पिवळे जाकीट घालावे लागते. क्रूझिंगला याच्या उलट सारे लागते: संध्याकाळ, आडोसा आणि कोणीही ओळखू नये ही खात्री. झाडीत येणाऱ्याने स्वतःच वेचणीत भाग घेतला, तर आपण या जागेशी परिचित आहोत हे तो जाहीर करतो, आणि लहान गावात, जेथे पाद्री, शाळामास्तर आणि खाटीक एकमेकांना नावाने ओळखतात, ही जाहिरात परवडणारी नसते. म्हणून जे पुढे येतात ते बहुधा उघडपणे समलिंगी असलेले, चळवळीत रुळलेले लोक असतात, आणि कचरा करणाऱ्यांत ज्यांचा वाटा असतो ते विवाहित, अनामिक पुरुष त्यांच्यापासून दूर राहतात. एका गटाने दुसऱ्याचे उष्टे काढावे, अशी ही व्यवस्था होते, आणि तिची थोडी चीड वेचणाऱ्यांना आली तर नवल नाही. लंडनच्या हॅम्पस्टेड हीथ या विस्तीर्ण माळरानावर लैंगिक आरोग्य क्षेत्रातील स्वयंसेवकांनी अशा वेचणीच्या फेऱ्या काढल्या आहेत. तेथे वेचणी आणि आरोग्यविषयक संवाद एकत्र गुंफले गेल्यामुळे या कामाला निव्वळ झाडूवाल्याचे स्वरूप राहिले नाही. अ‍ॅमस्टरडॅममध्ये २००८ साली एका प्रभागाच्या पदाधिकाऱ्याने वेगळाच प्रस्ताव मांडला: व्होन्डेलपार्कमध्ये अंधार पडल्यावर, मुलांच्या खेळाच्या जागेपासून दूर आणि कचरा मागे न ठेवता जे होईल त्याकडे दुर्लक्ष करावे. शिस्तीच्या मोबदल्यात मुभा, असा तो सौदा होता. आयर्लंडात असा सौदा कायद्याने शक्य नाही. वेचणाऱ्यांच्या हाती देण्यासाठी सदिच्छेखेरीज काही नसते.

महाराष्ट्राच्या वाचकाला येथे एक फरक जाणवला पाहिजे. हातात खराटा घेऊन गावात शिरणारे आणि दिवसा गाव झाडून रात्री कीर्तन करणारे गाडगेबाबा आपल्याला पूज्य आहेत. पण दुसऱ्याची घाण उचलणे हे जन्माने कोणाच्या तरी वाट्याला टाकलेले काम ज्या समाजात आहे, तेथे स्वेच्छेने उचललेला खराटा आणि लादलेला खराटा यांत मोठे अंतर असते. आयर्लंडमध्ये स्वयंसेवकाचे पिवळे जाकीट प्रतिष्ठा देते, म्हणूनच ते अंगावर चढवून समलिंगी गट आपले नागरिकत्व सिद्ध करू पाहतात. ही युक्ती मुंबईत तशीच चालली असती का, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. मुंबईत १९९४ मध्ये स्थापन झालेल्या हमसफर ट्रस्टच्या कार्यकर्त्यांनी भेटीच्या जागांवर जाऊन निरोध वाटण्याचे आणि आरोग्याची माहिती देण्याचे काम केले. पोलिसांच्या भीतीने खिशात निरोध बाळगणेच धोक्याचे असताना कचऱ्याचा प्रश्न पुढे येणे शक्य नव्हते. कलम ३७७ विषयीच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर ती भीती कमी झाली, संपली नाही.

दुसरी एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे. मुंबईतील बँडस्टँडच्या खडकांवर पाठमोरी बसलेली जोडपी निसर्गप्रेमाने तेथे येत नाहीत, घरात दार लावता येईल अशी खोली नसते म्हणून येतात. आयर्लंडच्या २०२२ च्या जनगणनेत पाच लाखांहून अधिक प्रौढ व्यक्ती आईवडिलांच्या घरी राहताना आढळल्या; घरभाडी आणि घरांची टंचाई हे तेथील राजकारणाचे सर्वांत तापलेले विषय आहेत. २००९ पासून भ्रमणध्वनीवरील ‘ग्राइंडर’सारख्या साधनांनी जोडीदार शोधण्याचे काम झाडीकडून काढून घेतले, तरी भेटायचे कोठे हा प्रश्न त्या साधनांनी सोडवला नाही. तरुणांना जागा नसते म्हणून, वयस्कांना सवय असते म्हणून आणि विवाहितांना भ्रमणध्वनीत पुरावा नको असतो म्हणून वन रिकामे होत नाही.

जागेच्या धारकासमोरचे पर्याय फार नाहीत. झुडपे छाटून आडोसाच काढून टाकणे हा सर्वांत जुना उपाय. आयर्लंडमध्ये त्याला पर्यावरणाचे समर्थनही मिळते, कारण ऱ्होडोडेंड्रॉन आणि चेरी लॉरेल ही परदेशी, दाट, सदाहरित झुडपे मूळ ओकवनांना गिळत चालली आहेत आणि नेमकी तीच उत्तम आडोसा देतात. कोणती छाटणी ओकसाठी झाली आणि कोणती माणसांमुळे, हे कागदोपत्री सांगणे कठीण असते. पण १९७६ च्या वन्यजीव कायद्यानुसार, काही अपवाद सोडता, १ मार्च ते ३१ ऑगस्ट या पक्ष्यांच्या विणीच्या काळात अशी वनस्पती तोडता येत नाही, आणि झाडीत वर्दळ वाढते ती याच लांब संध्याकाळींच्या महिन्यांत. दुसरा उपाय कचरापेटीचा. साधा वाटणारा हा उपाय कार्यालयांना सर्वांत जड जातो, कारण झाडीच्या मध्यभागी पेटी ठेवणे म्हणजे तेथे काय चालते ते लेखी मान्य करणे. मग पेटी वाहनतळावर ठेवली जाते, आणि हातातला निरोध घेऊन कोणी उजेडातल्या वाहनतळापर्यंत चालत येईल, ही अपेक्षा मनुष्यस्वभावाला धरून नाही.

सफाईचा खर्च कोणी सोसायचा, हेही आयर्लंडमध्ये वस्तूनुसार बदलते. फेब्रुवारी २०२४ पासून पेयांच्या प्लास्टिक बाटल्या आणि डब्यांवर पंधरा किंवा पंचवीस सेंटांची अनामत परत मिळू लागल्याने त्या वस्तू पडून राहिल्या तरी उचलून नेण्याजोग्या झाल्या. युरोपीय संघाच्या २०१९ च्या एकदा-वापराच्या प्लास्टिकविषयक निर्देशानुसार तंबाखूच्या फिल्टरची आणि ओल्या रुमालांची सफाई करण्याचा खर्च आता त्यांच्या उत्पादकांवर टाकायचा आहे. निरोध आणि त्याचे वेष्टन त्या यादीत नाही. त्याचा खर्च जागेच्या धारकाकडे राहतो, आणि धारकाचे कर्मचारी झुडपात शिरण्यास नाखूष असतील तेथे तो चिमटा घेऊन आलेल्या स्वयंसेवकाकडे जातो.